मॅक्रॉचेनिया उंटाचा की घोड्याचा? विलुप्त प्राण्यांची नाती कशी ठरतात

प्रश्न असा आहे: दक्षिण अमेरिकेतल्या मॅक्रॉचेनिया या विलुप्त सस्तन प्राण्याच्या चित्रात मान उंटाची दिसते, पाय गेंड्याचे आणि नाक ओळखीच्या कुठल्याच प्राण्याचं नाही. जुनी पुस्तकं त्याला उंटांच्या जवळ ठेवतात, मधली पुस्तकं 'स्वतंत्र गण' (म्हणजे अनेक कुळांचा वेगळा गट) म्हणून बाजूला बसवतात आणि हल्ली तो घोड्या-गेंड्यांचा दूरचा भाऊबंद असल्याचं वाचायला मिळतं. मग अशा प्राण्याची जागा ठरवतात तरी कशावरून? आणि ती सारखी बदलते म्हणजे सगळा कारभार अंदाजपंचेच चालतो का?

थोडक्यात उत्तर आधी देतो. डोळ्यांत भरणारं साम्य हा नात्याचा सगळ्यात कच्चा पुरावा. मान लांब का, पाय सडपातळ का, हे जगण्याच्या रीतीवर अवलंबून असतं, आणि रीत सारखी असली की परके प्राणीही एकमेकांसारखे दिसायला लागतात. नातं सांगतात ती बहुधा आडबाजूची लक्षणं: कानाच्या हाडाची जाडी, घोट्यातल्या एका हाडाचा घाट, जबड्याचा मागचा कोपरा आणि नशिबानं मिळालाच तर हाडात उरलेल्या प्रथिनाचा क्रम. मतं बदलतात ती बहुतेक वेळा वेगळ्या दर्जाचा पुरावा हाती आल्यामुळे. कुठल्या पुराव्याला किती वजन द्यायचं हे कळलं की कुठलं मत टिकेल याचाही अदमास बांधता येतो.

आता मॅक्रॉचेनिया. डार्विनला त्याची हाडं जानेवारी १८३४ मध्ये पॅटागोनियातल्या पोर्ट सेंट ज्युलियनला मिळाली. त्यांत कवटी नव्हती. मणके आणि पायांची हाडं एवढाच ऐवज होता. ब्रिटिश शरीररचनातज्ज्ञ रिचर्ड ओवेनने १८३८ मध्ये त्याला मॅक्रॉचेनिया पॅटाकोनिका हे नाव दिलं. त्याने प्राण्याला ठेवलं त्या काळच्या 'जाड कातडीच्या' प्राण्यांत, पण उंटांशी जवळीक असल्याचंही नोंदवलं. ही नोंद उगाच नव्हती. बहुतेक सस्तन प्राण्यांत मेंदूकडे जाणारी कशेरुक धमनी मानेच्या मणक्यांच्या बाजूच्या छिद्रांतून वर चढते. उंट आणि लामा यांच्यात तिची वाट मज्जारज्जूच्या पोकळीच्या भिंतीतून जाते. मॅक्रॉचेनियाच्या मणक्यांतही तीच वाट दिसत होती.

इथेच पहिली अडचण समजून घ्यावी. धमनीची वाट हे तर अगदी आडबाजूचं लक्षण, मग ते फसवं कसं निघालं? कारण लक्षण कितीही आडबाजूचं असलं तरी एकटं होतं. पायाला तीन बोटं होती आणि वजन मधल्या बोटावर पडत होतं. उंट, हरिण, डुक्कर अशा समखुरी प्राण्यांत वजनाचा अक्ष तिसऱ्या आणि चौथ्या बोटांच्या मधून जातो, आणि घोट्यातल्या अ‍ॅस्ट्रॅगलस या हाडाला वर-खाली दोन्ही टोकांना कप्पीसारखी खाच असते. ही दुहेरी कप्पी समखुरींची इतकी पक्की खूण आहे की २००१ मध्ये पाकिस्तानातल्या आदिम देवमाशांच्या सांगाड्यांत ती सापडली, तेव्हा देवमासे समखुरींच्याच वंशवेलीतले आहेत हे हाडांच्या अभ्यासकांनाही मान्य करावं लागलं. मॅक्रॉचेनियात ती नाही. एका बाजूला धमनीची वाट आणि दुसऱ्या बाजूला घोटा, बोटं, दात असा सामना असेल तर धमनी हरते.

पुढे अर्जेंटिनाचा जीवाश्मतज्ज्ञ फ्लोरेंतिनो आमेगिनोने १८८९ मध्ये मॅक्रॉचेनिया आणि त्याच्या सग्यासोयऱ्यांसाठी लिटॉप्टर्ना हा गण उभा केला. याच गणात थोआथेरियम नावाचा एक लहानसा प्राणी आहे. त्याच्या पायाला एकच खूर, आणि शेजारच्या बोटांचे अवशेष आजच्या घोड्यापेक्षाही जास्त आखूड झालेले. आमेगिनोला यात घोड्यांचे पूर्वज दिसले. इतरांनी ते खोडून काढलं, आणि बरोबरच केलं: उत्तर अमेरिकेतल्या जीवाश्मांत घोड्याची बोटं पायरीपायरीने कमी होताना दिसतात, त्या मालिकेचा दक्षिण अमेरिकेशी संबंध नाही. एकखुरी पाय दोनदा स्वतंत्रपणे घडला. गंमत अशी की लिटॉप्टर्ना खरोखरच घोड्यांच्या बाजूचे निघाले, पण त्या खुराचा या नात्याशी काडीचाही संबंध नाही. बरोबर उत्तर चुकीच्या कारणाने मिळालं असेल तर त्याला वर्गीकरणात किंमत नसते.

कुठलं लक्षण मोजायचं

प्रत्येक लक्षणाबद्दल तीन गोष्टी विचाराव्या लागतात. ते जुनं आहे की नवं? जगण्याच्या रीतीशी किती बांधलेलं आहे? आणि इतर लक्षणांपासून स्वतंत्र आहे का?

जुनं-नवं हा भाग सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहतो. पायाला पाच बोटं असणं हे सरड्यात, माणसात आणि हत्तीत सारखंच आहे, पण त्यावरून हत्ती माणसाच्या जवळचा की सरड्याच्या, हे ठरत नाही. ती खूण फार जुन्या पूर्वजाकडून सगळ्यांकडे आली. गट बांधता येतो तो फक्त त्या गटाच्या पूर्वजात नव्याने आलेल्या आणि वंशजांत वाटल्या गेलेल्या लक्षणांवर. १९५० मध्ये जर्मन कीटकतज्ज्ञ विली हेनिगने ही गोष्ट पद्धतशीर मांडली आणि आजचं सगळं वर्गीकरण त्याच पायावर उभं आहे.

जगण्याच्या रीतीचं उदाहरण म्हणून थायलसिन, म्हणजे टास्मानियन वाघ घ्या. शेवटचा ज्ञात प्राणी होबार्टच्या प्राणिसंग्रहालयात ७ सप्टेंबर १९३६ ला मेला. त्याची कवटी लांडग्याच्या कवटीशेजारी ठेवली तर नवखा माणूस हमखास गोंधळतो. निवाडा करायचा असेल तर कवटी उलटी करा. थायलसिनच्या टाळूच्या मागच्या भागात दोन मोठी भोकं दिसतील; लांडग्याचा टाळू भरीव असतो. खालच्या जबड्याचा मागचा कोपरा थायलसिनमध्ये आत वळलेला असतो. मग दात मोजा. लांडग्याला वर-खाली प्रत्येक बाजूला तीन पटाशीचे दात. थायलसिनला वर चार, खाली तीन. लांडग्याच्या दाढा वर दोन आणि खाली तीन. थायलसिनला दोन्हीकडे चार. एकूण दात ४२ विरुद्ध ४६. आत वळलेला जबडा, टाळूची भोकं आणि चार दाढा या कांगारूंपासून ओपॉसमपर्यंतच्या पिशवीवाल्या प्राण्यांच्या खुणा आहेत. शिकारीशी त्यांचा संबंध नाही, म्हणूनच त्या विश्वासार्ह. लांब तोंड, सुळे, कापणाऱ्या दाढा या शिकारीच्या गरजा. त्या दोन्ही घराण्यांनी वेगवेगळ्या कमावल्या. दोघांचा सामाईक पूर्वज सुमारे १६ कोटी वर्षांपूर्वीचा.

पिशवीवाल्यांत मात्र थायलसिनची नेमकी जागा हाडांवरून नीट लागत नव्हती. दक्षिण अमेरिकेतले विलुप्त मांसाहारी स्पॅरासोडाँट दातांच्या बाबतीत त्याच्याशी इतके जुळत होते की काही अभ्यासक त्यालाच त्यांचा ऑस्ट्रेलियन नातेवाईक मानत. संग्रहालयातल्या कातड्यातून काढलेल्या डीएनएवर १९८९ मध्ये काम झालं आणि तो ऑस्ट्रेलियातल्याच मांसाहारी पिशवीवाल्यांचा, म्हणजे टास्मानियन डेव्हिल आणि नंबॅट यांच्या बाजूचा ठरला. पुढे त्याचा पूर्ण जनुकसंच वाचला गेला, तेव्हाही हे नातं बदललं नाही.

स्वतंत्रपणाचा मुद्दा वेगळा. समजा एखाद्याने 'दाढा उंच', 'जबडा खोल', 'गालाच्या हाडाची कमान रुंद' अशी तीन लक्षणं मोजली. तिन्ही चरण्याशी निगडित आहेत. एक बदललं की बाकीची मागोमाग येतात. तीन मतं मोजल्यासारखं वाटतं, प्रत्यक्षात मत एकच असतं. प्रकाशित तक्त्यांतली कितीतरी 'भक्कम' नाती अशी तोललेली असतात.

हाडं एकाच प्राण्याची आहेत ना?

हा प्रश्न प्राथमिक वाटतो, पण सगळ्यात मोठे घोटाळे इथेच झाले आहेत. फ्रेंच शरीररचनातज्ज्ञ कुव्हिएचा सिद्धांत होता की शरीराचे भाग एकमेकांशी इतके बांधलेले असतात की एका भागावरून बाकीचा प्राणी सांगता येतो. जर्मनीतल्या एप्पेल्सहाइमचं बोटाचं एक मोठं हाड पाहून त्याने ते एका महाकाय खवल्या मांजराचं ठरवलं, कारण नखं त्याच जातकुळीची होती. त्याच थरांतले दात १८३३ मध्ये चॅलिकोथेरियम या नावाने वेगळे वर्णिले गेले. ते तर सरळसरळ पाला खाणाऱ्या खुरी प्राण्याचे होते. अनेक दशकांनंतर जोडलेले सांगाडे मिळाले तेव्हा कळलं की दात आणि नखं एकाच प्राण्याची. घोड्या-गेंड्यांच्या गणातला, पण खुरांऐवजी मोठी वाकडी नखं असलेला प्राणी! नियम चांगला होता. हा प्राणी त्या नियमात बसणारा नव्हता.

अ‍ॅनोमॅलोकॅरिसची गोष्ट उलटी. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्रातल्या या प्राण्याचं तोंडापुढचं वाकडं उपांग १८९२ मध्ये कोळंबीवर्गीय प्राण्याचं धड म्हणून वर्णिलं गेलं, गोल तोंड १९११ मध्ये जेलीफिश म्हणून, आणि चपटं शरीर समुद्रकाकडी म्हणून. १९८५ मध्ये व्हिटिंग्टन आणि ब्रिग्ज यांनी हे सगळे तुकडे एकाच घराण्यातल्या प्राण्यांचे असल्याचं दाखवलं. त्यातही पुढे दुरुस्ती झाली: जेलीफिश समजलं गेलेलं ते विशिष्ट तोंड अ‍ॅनोमॅलोकॅरिसचं नसून त्याच्या जवळच्या पेटोइयाचं होतं.

म्हणून कुठल्याही नव्या जातीचं वर्णन वाचताना पहिली नजर टाकायची ती होलोटाइपवर, म्हणजे ज्या नमुन्याला नाव कायमचं बांधलेलं असतं त्यावर. तो जोडलेला सांगाडा आहे की विखुरलेली हाडं? विखुरलेली असतील तर ती एकाच खड्ड्यातली की एकाच थरातली? एकच हाड दोनदा आलं आहे का, म्हणजे दोन डाव्या मांड्या वगैरे? आकारमान जुळतं का? सांध्यांचे पृष्ठभाग एकमेकांत बसतात का? एवढं तपासलं तरी बरीच 'अद्भुत' जनावरं आपोआप दोन साध्या जनावरांत विभागली जातात.

लिंग आणि वय हाही त्यातलाच गोंधळ. न्यूझीलंडच्या डायनॉर्निस मोआंच्या, म्हणजे विलुप्त, न उडणाऱ्या महाकाय पक्ष्यांच्या, उंच आणि बुटक्या जाती वर्षानुवर्षं वेगळ्या मोजल्या जात होत्या. २००३ मध्ये हाडांतल्या डीएनएवरून लिंग तपासलं तेव्हा उंच त्या माद्या आणि बुटके ते नर निघाले. मादी उंचीला नराच्या दीडपट आणि वजनाला जवळजवळ पावणेतीनपट भरत असे. जिवंत पक्ष्यांत एवढा फरक कुठेच नसल्याने हाडांवरून तशी शंका घेणं अवघडच होतं.

तक्ता कसा मांडतात

प्रत्यक्ष काम कंटाळवाणं आहे. उभ्या बाजूला प्राणी, आडव्या बाजूला लक्षणं, आणि प्रत्येक चौकटीत ०, १, २ असा आकडा. जिथे हाडच सापडलेलं नाही तिथे प्रश्नचिन्ह. जिथे प्रश्नच लागू होत नाही तिथे आडवी रेघ: दात नसलेल्या प्राण्याच्या दाढेला किती टेकाडं, या प्रश्नाला उत्तर नसतं. प्रश्नचिन्ह आणि रेघ या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, पण बहुतेक संगणकप्रणाली दोन्हींना सारखंच वागवतात, आणि तिथून चुका शिरतात.

मग एक बाह्यगट निवडायचा, ज्याच्या तुलनेत कुठली अवस्था जुनी आणि कुठली नवी हे ठरेल. तो फार दूरचा निवडला तर तुलना करण्याजोगी लक्षणंच उरत नाहीत. फार जवळचा निवडला तर तो खरं तर गटाच्या आतलाच असण्याची भीती. दोन-तीन बाह्यगट घेणं शहाणपणाचं. नंतर प्रणाली लाखो वंशवृक्ष तपासते आणि कमीत कमी बदलांत जमणारा, किंवा ठरावीक प्रतिमानात सर्वाधिक संभाव्य असलेला वृक्ष देते.

तक्त्यात सगळ्यात जास्त त्रास देतात ते अर्धवट प्राणी. ज्याच्या रांगेत ऐंशी-नव्वद टक्के प्रश्नचिन्हं आहेत तो प्राणी वृक्षावर कुठेही बसतो, आणि त्याच्यापायी बाकीच्यांची नातीही विस्कटतात. अशाला काढून विश्लेषण पुन्हा चालवायचं आणि काय बदललं ते पाहायचं. मात्र प्रश्नचिन्हं जास्त म्हणून आधीच वगळणं चूक. एखाद्या जबड्याच्या तुकड्यातलं एक नेमकं लक्षण पूर्ण सांगाड्यापेक्षा जास्त बोलून जातं. इंडोह्यूस हा जम्मूच्या कालाकोट भागातला मांजराएवढा खुरी प्राणी याच कारणाने प्रसिद्ध झाला: २००७ मध्ये त्याच्या कानाच्या हाडाची आतली भिंत देवमाशांसारखी जाड असल्याचं दिसलं आणि देवमाशांचा सर्वात जवळचा विलुप्त शेजारी सापडला.

निष्कर्षाच्या प्रत्येक फाट्यावर आधाराचा आकडा असतो. तो आकडा दिलेल्या तक्त्यापुरता खरा. तक्त्यातली लक्षणंच एका बाजूला झुकलेली असतील तर शंभर टक्के आधार म्हणजे शंभर टक्के खात्रीची चूक.

रेणूंचा पुरावा

डीएनए मिळाला की वाद संपला, असा समज आहे. तो निम्मा खरा. क्वागा, म्हणजे दक्षिण आफ्रिकेतला झेब्र्यासारखा प्राणी, हा पहिला विलुप्त प्राणी ज्याचा डीएनए वाचला गेला: १९८४ साली, संग्रहालयातल्या सुमारे १४० वर्षं जुन्या कातड्यातून, फक्त २२९ अक्षरं. त्यावरून तो झेब्र्यांच्या बाजूचा ठरला, आणि पुढच्या कामांत मैदानी झेब्र्याचीच एक उपजाती.

मर्यादा काळाची आणि हवामानाची आहे. मोआच्या हाडांवरच्या २०१२ च्या अभ्यासात सुमारे १३ अंश सेल्सिअसला डीएनएच्या एका ठरावीक लांबीच्या तुकड्याचं अर्धायुष्य ५२१ वर्षं निघालं. गोठलेल्या जमिनीत तो दहा लाख वर्षांपलीकडेही टिकतो, हे सायबेरियातल्या मॅमथच्या दातांवरून २०२१ मध्ये दिसलं. उष्ण, दमट जागी काही हजार वर्षंही पुष्कळ झाली. डायनोसॉरचा डीएनए हा विषय त्यामुळे बंद समजावा. १९९४ मध्ये ८ कोटी वर्षांच्या हाडातून डीएनए काढल्याचा दावा झाला होता. तपासाअंती तो माणसाच्याच जनुकसंचातला निघाला.

जुना डीएनए खरा आहे हे कसं ओळखायचं? तुकडे आखूड असतात, बहुतेक शंभर अक्षरांच्या आत. तुकड्यांच्या टोकांना सी या अक्षराच्या जागी टी वाचला जाण्याचं प्रमाण वाढलेलं असतं, कारण सायटोसीनचा अमिनो गट काळाच्या ओघात गळतो. लांबलचक, स्वच्छ, टोकांना इजा नसलेला डीएनए मिळाला तर आनंद मानण्याऐवजी हातमोजे तपासावेत.

मॅक्रॉचेनियाच्या बाबतीत आणखी एक पेच होता. आखूड तुकडे जुळवायला जवळच्या जिवंत नातेवाईकाचा जनुकसंच साचा म्हणून लागतो, आणि इथे जवळचा जिवंत नातेवाईकच नाही. घोड्याचा साचा वापरला तर घोड्याशी जुळणारेच तुकडे निवडले जातात आणि उत्तर आपोआप 'घोडा' येतं. हा वर्तुळाकार तर्क टाळण्यासाठी वेगवेगळे साचे घेऊन, जुळलेल्या भागाच्या कडेने थोडं थोडं पुढे वाढवत क्रम बांधावा लागतो. चिलीतल्या बान्यो नुएवो गुहेतल्या हाडावर हे जमलं आणि २०१७ मध्ये मायटोकाँड्रियाच्या, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाघरांच्या, डीएनएचा सुमारे ८० टक्के क्रम प्रसिद्ध झाला. लिटॉप्टर्ना आणि विषमखुरी, म्हणजे घोडे-गेंडे-टॅपिर, यांची फारकत सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीची निघाली.

त्याआधीच, २०१५ मध्ये, प्रथिनांनी हेच सांगितलं होतं, आणि माझ्या मते पद्धत म्हणून ते काम जास्त महत्त्वाचं, कारण प्रथिन डीएनएपेक्षा पुष्कळ जास्त टिकतं. हाडातलं मुख्य प्रथिन म्हणजे पहिल्या प्रकारचं कोलॅजन. त्याच्या दोन तऱ्हेच्या साखळ्या असतात आणि प्रत्येकीचा पीळदार भाग हजारेक अमिनो आम्लांचा. हाडाचा छोटा तुकडा सौम्य आम्लात खनिजमुक्त करायचा, कोलॅजन गरम करून विरघळवायचं, ट्रिप्सिन या पाचक विकराने ठरावीक जागी तोडायचं आणि तुकड्यांची वस्तुमानं मोजायची. मॅक्रॉचेनिया आणि टॉक्सोडॉन या दोघांचे क्रम वाचले गेले आणि दोघेही विषमखुरींच्या शेजारी बसले.

टॉक्सोडॉन हा तर जास्तच अवघड गडी होता. डार्विनने त्याची कवटी १८३३ मध्ये उरुग्वेत १८ पेन्सला विकत घेतली. अंग गेंड्याएवढं, दात उंदरा-सशांसारखे आयुष्यभर वाढणारे, आणि डोळे-नाकपुड्या कवटीवर इतक्या उंच की डार्विनला पाण्यातला डुगाँग आठवला. हाडांवरून त्याच्या नोटउंग्युलाटा या गणाला हत्तींच्या आफ्रिकी घराण्याजवळ बसवण्याचाही प्रयत्न झाला होता. कोलॅजनने तो निकालात काढला.

या पद्धतीतही खड्डे आहेत. ल्यूसीन आणि आयसोल्यूसीन यांचं वस्तुमान तंतोतंत सारखं असल्याने नेहमीच्या मोजणीत ते वेगळे ओळखता येत नाहीत. काही अमिनो आम्लं वयोमानाने बदलतात आणि खरा उत्परिवर्तनाचा फरक असल्यासारखी दिसतात. सगळ्यात दगाबाज खड्डा संग्रहालयातच असतो: जुन्या काळी तडकलेली हाडं प्राणिज सरसाने चिकटवत, आणि तो सरस म्हणजे गाई-बैलांचं कोलॅजनच! अशा हाडातून बैलाशी जवळचं नातं निघालं तर प्राण्यापेक्षा सरसावर संशय घ्यावा. शिवाय कोलॅजन हळू बदलतं. गण ठरवायला ते चांगलं, दोन सख्ख्या जाती वेगळ्या करायला बरेचदा अपुरं.

भूगोलावर फार विसंबू नये, हे सांगायला मादागास्करचे हत्तीपक्षी पुरेसे आहेत. आफ्रिकेजवळचे म्हणून शहामृगाचे नातेवाईक वाटावेत. २०१४ मध्ये डीएनएने दाखवलं की त्यांचा सर्वात जवळचा जिवंत नातेवाईक न्यूझीलंडचा कोंबडीएवढा किवी आहे.

हाडंच नसतील तर

मऊ शरीराच्या प्राण्यांत गोष्ट फार बिकट. हॅल्युसिजेनिया हा ५० कोटी वर्षांहून जुना, काही सेंटिमीटरचा प्राणी १९७७ मध्ये उलटा उभा केला गेला होता: काटे म्हणजे पाय आणि पाठीवर मऊ नळ्यांची रांग. १९९१ मध्ये चीनमधल्या नातेवाइकांच्या आधारे तो सुलटा झाला. नळ्या हे पाय, काटे पाठीवरचे. २०१५ मध्ये त्याचं खरं डोकं सापडलं, तेव्हा आधी डोकं समजला जाणारा गोल डाग हा मरताना मागच्या बाजूने बाहेर पडलेला द्रव असल्याचं ठरलं. आज तो मखमली कृमींच्या बाजूचा मानतात, आणि त्याचा एक पुरावा नखांचा आहे: दोघांच्या नखांत एकात एक बसवलेले थर असतात.

इलिनॉयमधल्या मॅझॉन क्रीकचा टली मॉन्स्टर अजून लटकलेलाच आहे. १९६६ मध्ये त्याचं वर्णन झालं, वय सुमारे ३१ कोटी वर्षं. दांड्यावरचे डोळे, सोंडेच्या टोकाला चिमट्यासारखा जबडा. २०१६ मध्ये त्याला लॅम्प्री या बिनजबड्याच्या माशासारखा पृष्ठवंशी (पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांतला) ठरवलं गेलं, कारण अंगभर जाणारी फिकट रेघ पृष्ठरज्जू म्हणून वाचली गेली. लगेच पुढच्या वर्षी आक्षेप आला: त्याच ठिकाणच्या निःसंशय पृष्ठवंशी जीवाश्मांत असे आतले मऊ भाग टिकत नाहीत, मग यातच कसे टिकले? २०२३ मध्ये त्रिमितीय स्कॅनमध्ये डोळ्यांच्याही पुढे गेलेली खंडरचना दिसली, जी कुठल्याच पृष्ठवंशीत माहीत नाही. माझा कल पृष्ठवंशी नाही याकडे आहे. पण मग कोण, याला आज प्रामाणिक उत्तर 'स्थान अनिश्चित' हेच, आणि ते वर्गीकरणातलं रीतसर स्थान आहे. ओढूनताणून एखाद्या संघात कोंबण्यापेक्षा बरंच बरं.

इथे कुजण्याचा हिशेबही धरावा लागतो. अ‍ॅम्फिऑक्सस (माशासारखा दिसणारा साधा सागरी जीव) आणि लॅम्प्रीची पिल्लं मुद्दाम कुजवून पाहिलेल्या २०१० च्या प्रयोगात दिसलं की नव्याने आलेली, म्हणजे नातं नेमकं सांगणारी लक्षणं आधी नष्ट होतात आणि जुनी लक्षणं उशिरा. त्यामुळे अर्धवट कुजून जीवाश्म झालेला प्राणी होता त्यापेक्षा आदिम दिसतो आणि वंशवृक्षावर खालच्या फांदीला जाऊन बसतो. मऊ प्राण्यात एखादं लक्षण 'नाही' असं लिहिण्याआधी ते टिकण्याजोगं तरी होतं का, हे पाहणं भाग आहे.

नावांबद्दल थोडं

नाव वर्णन करत नाही, फक्त ओळख बांधून ठेवतं. बॅसिलोसॉरस या नावाचा अर्थ राजा सरडा. १८३४ मध्ये तो सरपटणारा मानला गेला. ओवेनने दोन मुळांचे दात दाखवून तो सस्तन, म्हणजे देवमासा असल्याचं सिद्ध केलं आणि नवं नाव सुचवलं, पण पहिल्या नावाचा अग्रक्रम असल्याने जुनंच टिकलं. प्लॅटिपसचं उलट झालं: १७९९ मध्ये दिलेलं प्लॅटिपस हे वंशनाम एका भुंगेऱ्याला आधीच दिलेलं होतं, म्हणून शास्त्रीय नाव ऑर्निथोऱ्हिंकस झालं. क्वागा मैदानी झेब्र्याचीच उपजाती ठरला तेव्हा १७८५ चं क्वागा हे नाव जुनं असल्याने सगळ्या मैदानी झेब्र्यांचं जातिनाम इक्वस क्वागा झालं. नाव बदललं म्हणून नातं बदललं असं समजू नये, आणि नाव टिकलं म्हणून नातं टिकलं असंही नाही.

शेवटी मॅक्रॉचेनियाच्या घराजवळचाच एक उरलेला प्रश्न. दक्षिण अमेरिकेत लिटॉप्टर्ना आणि नोटउंग्युलाटा सोडून अ‍ॅस्ट्रापोथेरिया, पायरोथेरिया, झेनउंग्युलाटा असे आणखी खुरी गण होते. पहिल्या दोन गणांचे शेवटचे प्राणी हिमयुगाच्या अखेरीपर्यंत जगले, म्हणून त्यांच्या हाडांत कोलॅजन उरलं. बाकीचे एक कोटी वर्षांहूनही आधी संपले. 'दक्षिण अमेरिकेचे सगळे खुरी प्राणी घोड्यांचे भाऊबंद' असं सरसकट लिहिलेलं दिसलं तर ते मान्य करू नका. रेणूंचा पुरावा फक्त दोन गणांपुरता आहे. पायरोथेरियमची कवटी आणि दात हत्तीच्या वळणावर गेलेले आहेत, आणि त्याचा निवाडा सध्या तरी घोटा, कान आणि दातांच्या टेकाडांवरूनच करावा लागतो.